गार न होणारा कॅमेरा

“झाकण नीट लावलंय ना?” फोनवरून पंकजाताईंनी विचारलं.

“लावलंय. वरून काळं फडकंही गुंडाळलंय,” धनश्री म्हणाली.

सकाळचे नऊ वाजले होते आणि गच्चीवरची पत्र्याची खोली तापायला लागली होती. दुर्बिणीच्या मागच्या टोकाला बसवलेला अण्णांचा कॅमेरा घरघरत होता. झाकण लावून काढलेला फोटो नुसता काळा यायला हवा. लॅपटॉपवर मात्र मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके दिसत होते. काल तिनं वायर बदलली, अडॅप्टर बदलला. ठिपके तेवढेच.

तिचे अण्णा, सहादेव, जामखेडजवळच्या या गावात वायरमन होते. लाईट गेली की गाव म्हणायचं, सहादेवचा तारा उगवला वाटतं. अकरा वर्षं ते एकाच ताऱ्याचे फोटो काढून त्याचा उजेड कमी-जास्त झाल्याची नोंद पुण्याच्या पंकजाताईंच्या हौशी गटाला पाठवत. माघात ते गेले. नोंदी तुटू नयेत म्हणून गटानं आपल्याकडचा एक कॅमेरा पाठवला होता. तो बसवायला धनश्री नगरच्या पॅथॉलॉजी लॅबमधून रजा काढून आली होती. पण जुना खरंच गेलाय याची खात्री झाल्याशिवाय तो उतरवायला तिचा हात धजत नव्हता.

आई चहा घेऊन दारात उभी राहिली. आत आली नाही.

“घावलं का, काय झालंय त्याला?”

कालपासून तिसऱ्यांदा विचारत होती.

“बघतेय. तू का एवढी काळजी करतेस?”

आईनं कप उंबऱ्यावरच ठेवला. “पाल्यानं झालं असंल.”

“कसल्या पाल्यानं?”

“पोळ्याच्या टायमाला पाऊस लई हुता. कॅमेरा ठिवायच्या डब्याला कुबट वास मारत हुता. मी आपला गव्हाच्या कोठीत घालते तसा कडूलिंबाचा पाला घातला, खाली-वर.”

“पाला वाळवून घालतात ना?”

“वाळवायला ऊन कुठं हुतं? वलाच घातला.” आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. “दुसऱ्या दिशी त्यांनी काढला, कठड्यावर ठिवला. एक शब्द बोलले न्हाईत. मग म्हनले, फोटो बिघाडलेत. संक्रातीपासनं वर यायचंच सोडलं. माझ्यापायी त्यांचं काम बुडालं, धने. त्येच मनात घिऊन गेले.”

असं काही नसतं, हे म्हणणं सोपं होतं. पण लॅबमध्ये न तपासता रिपोर्ट द्यायची धनश्रीला सवय नव्हती, आणि ओल्या पाल्यानं कॅमेरा बिघडू शकतो हेही तिला माहीत होतं.

पंकजाताई फोनवरच होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, “ओल आत गेली, तर फोटोच्या मधोमध डाग धरतो. ठिपके वेगळे. कॅमेरा गार झाला नाही की ठिपके येतात. किती गार करायला सांगितला आणि किती झाला, हे प्रत्येक फाइलमध्ये लिहिलेलं असतं. जुन्या फाइली उघड.”

धनश्रीनं गेल्या पाच वर्षांतली प्रत्येक वर्षाची जानेवारीतलीच फाइल काढली, म्हणजे ऋतूचा फरक नको. दर वेळी उणे दहा अंश मागितलेले. मिळालेले आकडे तिनं कागदावर एकाखाली एक लिहिले. २०२१ला उणे दहा. २०२२ला उणे सात. २०२३ला उणे तीन. २०२४ला अधिक एक. २०२५ला अधिक पाच.

“आई, आत ये. पाला कधी घातलास?”

“गेल्या पोळ्याला.”

“म्हणजे चोवीसचा सप्टेंबर. इथं.” तिनं शेवटच्या दोन आकड्यांमध्ये रेघ मारली. “आता याच्या वरचं बघ. दर वर्षी तीन-चार अंशांनी घसरतच चाललाय. पाल्याच्या आधीही तेवढाच, नंतरही तेवढाच. त्याचं गार करायचं यंत्र म्हातारं झालंय, बाकी काही नाही.”

आईनं कागद डोळ्यांजवळ धरला. एकेका सालावर बोट ठेवत खाली आली, परत वर गेली.

“म्हंजे आधीपासनं?”

“दोन-तीन वर्षं आधीपासून.”

“मग बोलले का न्हाईत?”

“अण्णा कधी बोलायचे गं? खांबावरनं पडले तेव्हाही ‘बघू’ म्हणाले होते.”

आईला हसू आलं. ते लवकर थांबेना आणि थांबलं तेव्हा तिनं डोळे पुसले. “पाला घातला तर निदान शिव्या तरी द्यायच्या,” ती म्हणाली आणि धनश्रीसाठी आणलेला, आता गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला.

मग धनश्रीनं जुन्या कॅमेऱ्याचे स्क्रू सैल केले. दुर्बीण जागच्या जागी धरणारी खीळ आवळायची मात्र ती विसरली. मागचं वजन निघताच लांबलचक नळीचं तोंड हळूहळू जमिनीकडे झुकायला लागलं.

“आई, धर.”

आईनं दोन्ही हातांनी नळी झेलली आणि खांदा खाली लावला. एवढ्या वर्षांत तिनं दुर्बिणीवरची धूळ झटकली होती, तीही लांबूनच, फडक्यानं. आता तिचा गाल पांढऱ्या पत्र्याला टेकला होता.

“जड झालं का?” नव्या कॅमेऱ्याचं खोकं फोडत धनश्रीनं विचारलं.

“न्हाई,” आई म्हणाली. “तुझं चालू दे सावकाश.”