बिटाच्या साराला उकळी

पहिला तारा दिसला तशी पेलागियाबाईने मेणबत्ती लावली. टेबलावरच्या पांढऱ्या चादरीखाली रिवाजाप्रमाणे गवत पसरलेलं, कार्प मासा तळून तयार, बिटाचं सार मंद आचेवर. असं लालभडक सार गावात दुसऱ्या कुणाचं होत नाही, हे ती स्वतःच सांगे. खोटं म्हणायची कुणाची टाप नव्हती.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी आधी ओप्वातेक मोडायचा, मग जेवायचं. चर्चमधून आणलेली ती कागदासारखी पातळ पापडी. दुसऱ्याच्या हातातला तुकडा मोडायचा, त्याचं भलं चिंतायचं, खायचा. घरातलं एकही माणूस सुटता कामा नये.

थोरल्या झेनोनने आईशी मोडली, बायकोशी मोडली आणि सरळ जेवायला बसला. धाकटा लुत्स्यान पापडी धरून खिडकीबाहेर बघत राहिला. बाप गेल्यावर बापाची घोडी झेनोनने धाकट्याला न विचारता विकली, तेव्हापासून दोघांत अबोला.

गेल्या नाताळात पेलागियाबाईने डोळेझाक केली होती. यंदा तिने उठून आच मोठी केली.

"अहो आई, उकळलं तर रंग जाईल!" सून बोझेना धावली.

"जाऊ दे. हे दोघं पापडी मोडेपर्यंत हात लावलास तर बघ."

"आई, हा काय पोरखेळ?" झेनोन वैतागला.

"पोरं तशी आई. घोडे झालात दोघं, आणि एका घोडीवरून तोंडं फिरवताय! ती तरी बरी, चाबूक दाखवला की चालायची."

"तिला कधी चाबूक लागला नाही," लुत्स्यान खिडकीकडूनच म्हणाला. "हाक मारली की यायची."

"पाय अधू झाला होता तिचा," झेनोन ताटाकडे बघत म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर रडला असतास. मला बघवलं नसतं."

"रडलो असतो. माझं मी बघितलं असतं."

पातेलं खदखदू लागलं. सगळ्यांनी ते ऐकलं. पेलागियाबाई हाताची घडी घालून उभीच.

झेनोन उठला, पापडी पुढे धरली. "चुकलं माझं. येतं वर्ष तुला सुखाचं जावो."

"तुला जरा अक्कल येवो," लुत्स्यान म्हणाला आणि तुकडा मोडला.

तिने आच बंद केली. सार विटकरी झालं होतं.

"आई, याला आता काय म्हणायचं?" बोझेनाने नाक मुरडलं.

"सार. लाल हवं असेल तर शेजारी जा."

कुणी गेलं नाही. झेनोनने आपल्या वाडग्यातले, सारात सोडलेले अळंबीचे छोटे कानोले एकेक करून भावाच्या वाडग्यात सोडले.

"बास," लुत्स्यान म्हणाला. वाडगा मात्र मागे घेतला नाही.