फुलाफुलांचं भूत

कॉरिनने खाऊच्या अकरा पुड्या बांधल्या होत्या. जिन्यात बारा बिऱ्हाडं, त्यातलं सहाव्या मजल्यावरचं एक तिचं स्वतःचं, म्हणून अकरा. प्रत्येक पुडीत चार चॉकलेटं, दोन गोळ्या आणि चिनी अक्षरांत लिहिलेली चिठ्ठी: 'शनिवारी संध्याकाळी आमची इस्ला भूत होऊन आपल्या दारी येईल. तिने खाऊ मागितला की कृपया ही पुडी तिच्या हातात द्यावी.' एवढं लिहायला तिला दोन संध्याकाळी लागल्या होत्या.

आधीची तीन वर्षं ते शांघायला होते. तिथे परदेशी लोकांच्या वसाहतीत हॅलोविन, म्हणजे पोरांनी भुतं होऊन दारोदार खाऊ मागायचा सण, आपोआप व्हायचा. दारोदार भोपळे, पोरांचे घोळके, कुणाला काही सांगावं लागायचं नाही. या वर्षी डंकन लुओयांगच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात नवी यंत्रं बसवायला आला, आणि कारखान्याच्या जुन्या कामगार वसाहतीत त्यांना घर मिळालं. सगळ्या वसाहतीत परदेशी घर हे एकच. सात वर्षांची इस्ला इथे आल्यापासून विचारत होती, "इथे हॅलोविन असतो ना गं आई?" आणि कॉरिन दर वेळी म्हणायची, "करू की आपण."

पुड्या घेऊन ती आधी पहिल्या मजल्यावर फांगबाईंकडे गेली. जिन्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती. पाण्याची तक्रार असो नाहीतर कुणाची सायकल आडवी लागलेली असो, सगळं त्यांच्यापर्यंत जायचं. तरुणपणापासून त्या संगीत नाटकाच्या मंडळीत कपडेपट सांभाळत. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी बोलणं अजून विंगेतून हुकूम सोडल्यासारखंच.

फांगबाईंनी चिठ्ठी वाचली, पुडी उघडून पाहिली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"म्हणजे खाऊ तुझा. तो तू आम्हाला देणार. मग तुझी पोरगी येणार, आणि आम्ही तुझाच खाऊ तिला देणार?"

"हो. उगाच कुणाला त्रास नको, म्हणून."

"अगं, पाहुण्याला जेवायला बोलवावं आणि त्याने डबा घेऊन यावं, तसलं झालं हे! पोर दारात येणार आणि आमच्या घरात तिला द्यायला मूठभर शेंगा नसतील, असं वाटलं तुला?"

कॉरिनचा चेहरा पडला. फांगबाईंनी सगळ्या पुड्या तिच्या पिशवीत परत कोंबल्या. "चिठ्ठ्या तेवढ्या ठेव. पुडीची ओळ खोडून मी वाटते. अक्षर बरं आहे तुझं. आणि भूत म्हणजे काय घालणार ती?"

"पांढरी चादर. डोळ्यांना दोन भोकं."

फांगबाईंनी वर जिन्याकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाल्या, "पांढरं नको गं. तिसऱ्या मजल्यावरच्या लू आजींचा म्हातारा जाऊन पाच आठवडे होतायत. दारावर अजून सुतकाचा पांढरा कागद आहे."

कॉरिनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो कागद ती रोज पाहत होती; तरी आपली चादर आणि तो कागद यांचा मेळ तिच्या डोक्यात कधी बसला नव्हता. "मग राहू दे. मी तिला समजावते," ती म्हणाली.

"समजावू नकोस, घेऊन ये तिला."

इस्ला आली तेव्हा पलंगावर एक जुनी रजईची खोळ पसरलेली होती. लालभडक कापड, आणि त्यावर ताटाएवढी पिओनीची गुलाबी फुलं. लुओयांगात ही फुलं भिंतीवर, थर्मासवर, बसच्या तिकिटावरसुद्धा असतात. इस्लाने खोळीकडे पाहिलं आणि हाताची घडी घातली.

"भुतावर फुलं नसतात." दोन महिन्यांत तिची चिनी भाषा आईच्या पुढे गेली होती, तीसुद्धा अस्सल लुओयांगच्या हेलात.

"कुणी सांगितलं? तू पाहिलंयस भूत?"

"नाही."

"मी पन्नास भुतं सजवली आहेत. एकाचं दुसऱ्यासारखं नव्हतं. उभी राहा सरळ."

मग कॉरिनने जे पाहिलं ते ती पुढे कितीतरी जणांना सांगत राहिली. फांगबाईंनी टेप घेतली नाही, खडू घेतला नाही. पोरीच्या डोक्यावरून, खांद्यावरून वितीने माप घेतलं आणि कात्री लावली ती थेट शेवटपर्यंत चालवली. हात सत्तरीचे, बोटांची पेरं सुजलेली. पण सुई कापडात शिरायची तेव्हा ती पेरं दिसेनाशी व्हायची. बरोबर नाकाच्या शेंड्यावर एक फूल आलं. बाह्या इतक्या लांब, की हात झटकला की लाट उठायची. डोळ्यांच्या भोकांना काळी पट्टी, जरा तिरकी. अर्ध्या तासात इस्ला आरशापुढे उभी होती.

तिने वळून वळून स्वतःला पाहिलं. मग एक बाही झटकली. मग दुसरी.

"चालतंय!" ती म्हणाली.

"चालतंय म्हणे! पळ आता, शनिवारपर्यंत घालायचं नाही."

शनिवारी सहाला अंधार पडला होता. जिन्यातले दिवे आवाजावर लागणारे. पाय आपटला की पेटायचे, शांत झालं की विझायचे. इस्लाने पहिली आरोळी ठोकली आणि दिवा लागला तेव्हा खाली अंगणातली सहा-सात पोरं जमलेली होती. कुणी डोक्यावर भांडं घातलेलं, कुणी आजोबांचा कोट. चिठ्ठीत फक्त इस्लाचं नाव होतं, पण फांगबाईंनी वाटताना ती बहुतेक मोठ्याने वाचली असावी.

"खाऊ द्या, नाहीतर खोड्या काढू!" पोरं ओरडायची आणि दार लगेच उघडायचं, आतली माणसं दाराला कान लावूनच बसलेली असावीत. भाजलेली रताळी आली, बोरं आली, अक्रोड आले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका आजोबांनी प्रत्येकाला उकडलेलं अंडं दिलं आणि म्हणाले, "भुतांनी पौष्टिक खावं." पिशवी कॉरिनकडे होती, आणि ती इतकी जड झाली की फांगबाईंना दुसरा बंद धरावा लागला. आपल्या चार-चार चॉकलेटांच्या पुड्या आठवून कॉरिनला मनातून हसू येत होतं.

तिसऱ्या मजल्याच्या आधी दोघींनी पोरांना थांबवलं. इथे गप्प जायचं, पाय वाजवायचा नाही, लू आजी दुःखात आहेत. पोरं शहाण्यासारखी एकमेकांचे कोट धरून अंधारातून वर सरकली. चौथ्यावर पोचल्यावर पुन्हा आरोळी उठली.

तेवढ्यात खालून कडी वाजली.

"ए पोरांनो! माझं दार कुठे गेलं रे?"

सगळी थिजली. फांगबाई चार पायऱ्या खाली उतरल्या. "वहिनी, म्हटलं तुम्हाला त्रास कशाला..."

"म्हातारा गेलाय माझा. मी नाही गेले." लू आजी उंबऱ्यात उभ्या होत्या, दंडावर काळी पट्टी, हातात झारा. "पाच आठवडे बघतेय. या दारावरून जो तो चोरासारखा जातो. कुणी पाय आपटत नाही, म्हणून दिवा लागत नाही. आख्खा जिना लखलखतो आणि माझ्याच दारात काळोख!"

कॉरिन पुढे होऊन म्हणाली, "चूक माझी आहे, आजी. माफ करा."

"माफी घेऊन काय करू? भूत पाठव खाली."

इस्ला खाली आली. शेवटच्या पायरीवरून तिने दोन्ही पायांनी उडी मारली, दिवा लागला, आणि तिने बाह्या झटकून गर्जना केली. लू आजींनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"हे भूत? ही तर माझ्या लग्नातली रजई चालत आली!"

आणि त्या हसल्या. झारा धरलेला हात दाराला टेकवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग बाहीने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "खाऊ काही नाही गं घरात. पण नूडल्स वाफवल्यात, शेंगा आणि मांस घालून. हाताला अजून दोघांचंच माप आहे, रोज उरतात. या सगळे."

चौघांना पुरेल एवढं टेबल, त्याभोवती दहा माणसं बसली. वाट्या कमी पडल्या म्हणून समोरच्या घरातून आल्या, आणि वाट्यांबरोबर समोरची माणसंही आली, आपलं जेवण घेऊन. कपाटावर लू आजोबांचा फोटो होता. इस्लाने टोपीसारखं फुलाफुलांचं डोकं मागे सारलं आणि फोटोकडे पाहत विचारलं, "हे आजोबा आज येणार का?"

"इस्ला!" कॉरिनने तिला दटावलं.

लू आजींनी मात्र तिलाच विचारलं, "तुमच्याकडे येतात?"

"जुनी माणसं तसं म्हणायची," कॉरिन म्हणाली. "आजच्या संध्याकाळी."

"येईल तर येईल. चाळीस वर्षं बस चालवली त्याने. कधी उशीर केला नाही." आजींनी इस्लाच्या वाटीत आणखी नूडल्स वाढल्या. "भूक लागली तर उरेल त्यातलं खाईल."

फांगबाई कोपऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. पाच आठवड्यांत त्या या घरात आल्या नव्हत्या, आणि आता मान वर न करता एकामागून एक पाकळ्या लू आजींच्या वाटीजवळ ठेवत होत्या. आजींनी एक पाकळी उचलून तोंडात टाकली.

सातच्या सुमारास डंकन कामावरून आला. घराला कुलूप पाहून त्याला जिना चढताना ऐकलेला गोंधळ आठवला, तो पुन्हा तिसऱ्या मजल्यावर उतरला आणि चौकटीत वाकून उभा राहिला.

"हा लांबडा कोण?" लू आजींनी विचारलं.

"माझा नवरा," कॉरिन म्हणाली.

"मग उभा कशाला? बस म्हणावं त्याला." आणि त्याने कोट काढायच्या आत त्याच्या हातात गरम वाटी आणि वर लसणाची पाकळी आली. सगळ्यांचं बघून त्याने ती आख्खी चावली, आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्यावर पोरं लोळून लोळून हसली.

निघताना लू आजींनी इस्लाला विचारलं, "उद्या काय असतं तुमच्याकडे?"

"उद्या काहीच नसतं," इस्ला म्हणाली.

"मग जेवायला ये."

रविवारी इस्ला गेली. सोमवारी शाळेतून येतानाही गेली, आणि जाताना तिसऱ्या मजल्यावर तिने असा पाय आपटला, की सहाव्या मजल्यावर कॉरिनला ऐकू आला.