हिल्डा सिनेमा सांगते

"हिल्डा, एक मिनिट," क्लिफर्डनं तिला हॉलच्या दारातच अडवलं आणि घसा खाकरला.

क्लिफर्ड खाकरला की समजायचं, आता साखरेत घोळून काहीतरी कडू येणार. बँकेत मॅनेजर असतानाची सवय. लोकांना कर्ज नाकारून नाकारून घसा तसाच झाला होता त्याचा. आता तो इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या ग्रिम्सबी गावातल्या चर्चमागच्या हॉलमध्ये दर बुधवारी दुपारी जुने ब्रिटिश सिनेमे दाखवणाऱ्या क्लबचा अध्यक्ष होता, आणि अध्यक्षपण त्याला बँकेपेक्षाही जास्त चढलं होतं.

"ते कुजबुजण्याचं," तो म्हणाला. "परत तक्रार आली."

"कुणाची?"

"नाव सांगणं बरं दिसणार नाही."

"म्हणजे म्युरिएलची."

क्लिफर्ड छताकडे बघायला लागला. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"आज शेवटचं समजा," तो म्हणाला. "आज पुन्हा कुणी बोललं, तर मला येऊ नका असं सांगावंच लागेल. सिनेमा चालू असताना तोंड बंद. नियम सगळ्यांना सारखा."

"विल्फला दिसत नाही, क्लिफर्ड. मी तोंड बंद ठेवलं तर त्यानं काय करायचं? दोन तास भिंतीकडे बघत बसायचं?"

"पण आवाज येतोच ना त्यांना."

"रेडिओ ऐकायला तुम्ही दोन बस बदलून येता का कुठे?"

क्लिफर्डनं पुन्हा घसा खाकरला आणि तो प्रोजेक्टरकडे निघून गेला.

विल्फ दोन पावलांवर कोट काढत उभा होता. "डोळे गेलेत माझे," तो म्हणाला, "कान नाही गेले. भांडलीस?"

"नाही."

"वाटलं नाही तसं."

हिल्डानं त्याची बाही धरली आणि त्याला नेहमीच्या खुर्चीपाशी आणलं. चौथी रांग, कडेची जागा. विल्फ सगळा जन्म गोदीवरच्या बर्फाच्या कारखान्यात राबला. निवृत्त झाला आणि नजरेच्या मधोमध काळा डाग धरला. डाग वाढत वाढत असा वाढला, की आता कडेकडेनं थोडा उजेड तेवढा कळायचा. बागकाम सुटलं, पबमधला डार्ट्सचा खेळ सुटला, पेपर सुटला. सिनेमा सुटला नाही, कारण सिनेमा हिल्डा सांगायची.

आता यात एक घोटाळा होता. हिल्डाला कुजबुजता यायचं नाही. मासे कापायच्या कारखान्यात तिची पंचवीस-तीस वर्षं गेली. तिथे पट्टे धडधडायचे, पाणी सोडलेलं असायचं, आणि चार बायका सोडून पलीकडच्या मैत्रिणीला नवऱ्याच्या कागाळ्या सांगायच्या तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. त्यामुळे हिल्डाची कुजबुज म्हणजे इतरांचं चारचौघांतलं बोलणं.

आणि ती सांगायचीही तिच्या पद्धतीनं. राजाराण्यांचा सिनेमा असला की गोष्ट राहायची बाजूला, टोप्यांचं वर्णन चालायचं. "डोक्यावर अख्खी कोंबडी बसवलीय बाईनं." विनोदी असला की ती सांगायच्या आधीच हसायची. सगळा हॉल हसून गप्प झाला की मागून विल्फचं एकट्याचं हसू यायचं, घरी उशिरा पोचलेल्या माणसासारखं. भुताच्या सिनेमात ती त्याला दम द्यायची, "आता काही विचारू नकोस, मीच डोळे मिटलेत." आणि खुनाच्या सिनेमात पाव तास झाला नाही की निकाल. "तो मिशीवाला. त्यानंच मारलं. बघ तू." विल्फ चिडायचा. पण निकाल दर वेळी बरोबर निघायचा.

दारात प्रत्येकाला कागदाची एक पट्टी मिळायची. तिच्या कडेला एक ते पाच आकडे. सिनेमा जितका आवडला त्या आकड्याशी थोडं फाडायचं आणि शेवटी पट्टी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायची. मग चहा, आणि चहाबरोबर वाद. क्लिफर्डला युद्धाचे सिनेमे आवडायचे. त्यातला एकेक ऑफिसर त्याला आपला चुलतभाऊ वाटायचा. म्युरिएलला भुताचे. "पोटात गोळा आला नाही तर पैसे कशाला द्यायचे?" असं तिचं म्हणणं. ही म्युरिएल हिल्डाच्याच गल्लीत वाढलेली, शाळेतही एका वर्गात, आणि तेव्हापासून दोघींचं जमतं की जमत नाही हे दोघींनाही धड सांगता आलं नसतं. ती बसायची बरोबर हिल्डाच्या पुढच्या खुर्चीवर. जागा बदलावी असं तिला कधी वाटलं नाही. तक्रार मात्र करायची.

दिवे मालवले.

आजचा सिनेमा समुद्रावरचा आहे हे हिल्डाला माहीत होतं, पण मासेमारीच्या बोटीवरचा आहे हे पडदा उजळल्यावर कळलं. काळा-पांढरा. उत्तरेच्या पाण्यात जाणारी बोट, आणि पहिल्यांदाच निघालेला सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. कान बाहेर आलेले. टोपी मोठी झालेली.

"काय आहे?" विल्फनं विचारलं.

"बोट आहे," हिल्डा म्हणाली. आज तिचा आवाज खरोखरच बारीक निघाला. "धक्का आहे. पोरगा निघालाय."

"आणि?"

"आणि काय. निघालाय."

मग पडद्यावर त्या पोराची आई दिसली. पोरगा धक्क्यावर गेला आणि आईनं परसात टब काढून त्याचेच कपडे धुवायला घेतले. अख्ख्या हॉलमधून एकदम "च्च" असा आवाज आला. माणूस समुद्रावर जातो त्या दिवशी ग्रिम्सबीत कुणी कपडे धूत नाही. धुतले तर तो वाहून जातो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

"लंडनवाल्यांनी काढलेला दिसतोय," म्युरिएल पुढून म्हणाली.

"काय झालं? काय केलं तिनं?" विल्फ.

पडद्यावर त्या बाईनं शर्ट पिळला, दोरीवर टाकला, चिमटा लावला.

"घड्या घालतेय," हिल्डा म्हणाली. "शर्टांच्या."

"घड्यांना सगळे च्च करतात?"

"वाकड्या घालतेय."

तिथून गाडी रुळावरून घसरली. पडद्यावर वारं सुटलं, हिल्डानं ते निम्म्यावर आणलं. पडद्यावर दोरखंड बर्फानं जाड झाले, लोक कुऱ्हाडीनं बर्फ फोडायला लागले. हिल्डा म्हणाली, "थंडी आहे जरा." पण ती सांगत राहिली. थांबली असती तर विल्फनं का थांबलीस विचारलं असतं.

हिल्डाला टेरी नावाचा धाकटा भाऊ होता. तोही असाच मोठी टोपी घालून निघाला होता. त्यांच्या गल्लीत माणूस बुडाला असं म्हणत नाहीत. परत आला नाही असं म्हणतात. आई मरेपर्यंत तसंच म्हणत राहिली, त्यामुळे हिल्डाही तसंच म्हणत आली. लग्न झालं, पोरं झाली, नातवंडं झाली. तो एक शब्द तिच्या तोंडातून कधी निघाला नाही.

शेवटी पडद्यावर मोठी लाट आली आणि पोरगा डेकवर नव्हता. पाण्यात टोपी दिसली. मग टोपीही दिसेना.

"हिल्डा?" विल्फ म्हणाला. "पोराचं काय झालं?"

"दुसरी बोट आली," हिल्डा म्हणाली. आता मात्र आवाज नेहमीसारखा, मासे कापायच्या कारखान्यातला. "त्याला वर काढलं. उचललं त्याला. घोंगडीत गुंडाळलंय."

पुढच्या खुर्चीवर म्युरिएलची मान अर्धी वळली आणि तिथेच थांबली.

दिवे लागले. खुर्च्या गोल केल्या, चहाचं मोठं भांडं गुरगुरायला लागलं. क्लिफर्डनं सुरुवात केली, वादळ कसं पाण्याच्या टाकीत बनवलं असेल वगैरे. कुणीतरी म्हणालं, हा धड युद्धाचा नाही, धड प्रेमाचा नाही, याला कुठल्या खात्यात घालायचा? म्युरिएल म्हणाली, "भुताच्याच. ती कपडे धुणारी बाई मला आठवडाभर झोपू देणार नाही." लोक हसले. हिल्डा कपात बघत बसली. पाळी फिरत फिरत विल्फकडे येत होती, आणि आता काय होणार हे तिला पडद्यापेक्षा स्पष्ट दिसत होतं. विल्फ बोलणार. लोक त्याला खरं सांगणार. बायको आपल्याला सिनेमा म्हणून काय वाटेल ते सांगते, हे त्याला चारचौघांत कळणार. मग तो कशाला ऐकेल तिचं? क्लिफर्डला नियम काढायचीही गरज पडणार नव्हती.

"विल्फ?" क्लिफर्ड म्हणाला.

"मी पाचाशी फाडली," विल्फ म्हणाला. "शेवट आवडला. असल्या सिनेमात पोराला मारूनच टाकतात. यानं नाही मारलं. दुसऱ्या बोटीनं उचललं. बरं केलं."

भांडं गुरगुरत राहिलं. बिस्किट बुडवलेला एक हात कपावरच थांबला आणि बिस्किट तुटून चहात पडलं.

क्लिफर्डनं घसा खाकरला. "विल्फ, मला वाटतं शेवटी प्रत्यक्षात—"

"क्लिफर्ड," म्युरिएल म्हणाली. "चहा."

"काय?"

"माझा कप रिकामा आहे. अध्यक्ष आहेस ना? आण." क्लिफर्ड कप घेऊन उठेपर्यंत ती थांबली. मग विल्फकडे वळून म्हणाली, "मलाही तोच भाग आवडला. घोंगडीत गुंडाळलं ते. आणि गरम सूप दिलं."

"सूप दिलं?" विल्फ म्हणाला. "हे हिल्डानं नाही सांगितलं."

"ती नेहमी खाण्याचं गाळते. शाळेपासून तशीच आहे. स्वतःचा डबा कधी कुणाला दाखवला नाही तिनं."

क्लिफर्ड कप घेऊन परत आला. त्यानं एकदा म्युरिएलकडे पाहिलं, एकदा हिल्डाकडे, आणि सगळ्या गोल बसलेल्या म्हाताऱ्या तोंडांकडे. कुणीही त्याला मदत करणार नव्हतं.

"तर मग," तो म्हणाला, "आज कुणाची काही तक्रार?"

"आहे," म्युरिएल म्हणाली. "पुढच्या वेळी हिल्डानं अजून थोडं मोठ्यानं सांगावं. सूपचं मला सांगावं लागलं."

"पण तुम्हीच तर मला—"

"मी म्हटलं होतं, खुनी कोण ते ती आधीच फोडते. ती माझी तक्रार. सांगूच नये असं मी कधी म्हटलं? ऐकताना कान कुठे असतात तुझे, क्लिफर्ड?"

तो विषय तिथे मिटला. पुढच्या बुधवारी विनोदी सिनेमा लावायचा असं सर्वांनी हात वर करून ठरवलं. विल्फनं सगळ्यांच्या आधी हात वर केला होता.

बसस्टॉपवर समुद्राकडून झोंबरं वारं येत होतं. दोघं बाकावर बसले. हिल्डानं त्याच्या मफलरची गाठ घट्ट केली.

"सूप नव्हतं ना?" विल्फ म्हणाला.

हिल्डाचा हात गाठीवरच राहिला.

"नव्हतं," ती म्हणाली.

"बोटही नव्हती."

तिनं हात मागे घेतला.

"मी पाहिलाय तो सिनेमा," विल्फ म्हणाला. "शाळेत असताना, आईबरोबर. तेव्हा दिसत होतं मला. घरी येईपर्यंत रडलो होतो, आईनं चिप्स घेऊन दिल्या तेव्हा गप्प बसलो. आज सुरू होऊन पाच मिनिटं झाली नसतील, ते धक्क्यावरचं संगीत वाजलं आणि ओळखला."

"मग तिथे तसं का बोललास?"

"तुझी कुजबुज नदीपलीकडे ऐकू जाते, बाई. तू काय सांगितलंस ते सगळ्या हॉलनं ऐकलं होतं. मी खरा शेवट बोललो असतो तर तू खोटी पडली असतीस. त्यापेक्षा मी खुळा ठरलेला बरा. आंधळ्याला माफ असतं."

"मला नाही सांगता आलं, विल्फ."

"माहीत आहे."

समोरून दोन पोरं सायकलवर गेली. एक समुद्री पक्षी कचऱ्याच्या डब्यातून चिप्सचा कागद ओढत होता.

"आता सांग," विल्फ म्हणाला. "कसा होता तो शेवट."

"तुला माहीत आहे म्हणतोस ना?"

"तुझ्याकडून नाही ऐकला."

हिल्डानं हात कोटाच्या खिशात घातले. ती पाण्याकडे बघायला लागली. भरती येत होती, सावकाश, कुणाला काही सांगायचं नसल्यासारखी.

"रात्र आहे," ती म्हणाली. "वारं खूप आहे. मी मघाशी थंडी म्हटलं, थंडी नाही, बर्फ आहे. दोरांवर, माणसांच्या भुवयांवर. सगळे कुऱ्हाडीनं फोडतायत. पोरगाही फोडतोय. हात छोटे आहेत त्याचे. कुणीतरी त्याला आत जा म्हणतंय, तो जात नाही. त्याला दाखवायचंय सगळ्यांना. मग लाट येते. बाजूनं येते. आणि तो नाही तिथे."

विल्फनं मान हलवली.

"त्याच्या अंगात आईनं विणलेला निळा स्वेटर आहे," हिल्डा म्हणाली. "एक बाही लांब झालेली. आई म्हणाली, आलास की उसवून नीट करते."

सिनेमा काळा-पांढरा होता. त्यातल्या पोराच्या अंगात मेणकापडाचा कोट होता.

"तो बुडाला, विल्फ," हिल्डा म्हणाली. "कुणी आलं नाही. तो बुडाला."

विल्फनं डोक्यावरची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. वाऱ्यानं त्याचे उरलेसुरले केस उभे राहिले. बस आली, थांबली, दार उघडलं. ड्रायव्हरनं दोघांकडे पाहिलं. दोघंही उठेनात. त्यानं थोडा वेळ तसंच थांबून मग हळूच, आवाज होऊ न देता दार लावून घेतलं आणि बस पुढे नेली.