जावेच्या नावावरचं दुखणं

शिंपीणबाईंच्या उजव्या बरगडीखाली सात महिने दुखत होतं आणि सात महिन्यांत डॉक्टरांनी त्यांच्या पोटाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. बाई खुर्चीपर्यंत पोचायच्या आतच निदान तयार असे: वजन. कान ठणकला, वजन. मशीनची सुई बोटात घुसली, तेव्हाही पट्टी बांधता बांधता महाशय म्हणाले होते, "जरा जेवण आवरा."

"अगं, साधं झबलं शिवायचं तरी मी बाळाचं माप घेते," बाई धाकट्या जावेजवळ धुसफुसल्या. "हा बाबा नुसत्या नजरेनं कापड कापतो!" जाऊ हसली, बाईही हसल्या, आणि हसता हसताच कळ येऊन मटकन खाली बसल्या. आता त्या खरंच घाबरल्या होत्या.

जाऊ म्हणजे अगदी काडीपैलवान. ती म्हणाली, "जाऊबाई, तुमचं दुखणं मी सांगून बघते."

तिनं सगळं तोंडपाठ केलं आणि तपासताना नेमक्या जागी "आई गं!" केलं. डॉक्टर हळहळले. "इतके दिवस अंगावर काढलंत?" लगेच सोनोग्राफीची चिठ्ठी मिळाली.

चिठ्ठीवर नाव जावेचं, टेबलावर झोपल्या बाई. तिथल्या माणसानं चिठ्ठी वाचली, पोट पाहिलं, पुन्हा चिठ्ठी वाचली आणि कागदावर विश्वास ठेवला.

दोघी रिपोर्ट घेऊन गेल्या. तो वाचून डॉक्टरांची झोपच उडाली. पित्ताशय खड्यांनी गच्च भरून सुजलं होतं. "हे फुटलं तर जिवावर बेतेल! आजच दाखल व्हा." त्यांनी जावेच्या नावानं इस्पितळाची चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांच्या पोटासाठी पहिल्यांदाच कुणाची तरी एवढी धावपळ चालली होती. त्यांना राहवलं नाही.

"डॉक्टर, ते पोट माझं आहे."

डॉक्टरांनी रिपोर्टकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि खुर्चीत निवांत मागे टेकले.

"असं होय! मग एवढी घाई नाही. आधी दहा किलो कमी करा, मग बघू."

त्यांनी चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला, पण बाईंचा हात चपळ निघाला.

"चल गं," चिठ्ठी पर्समध्ये कोंबत त्या जावेला म्हणाल्या, "ऑपरेशनही तुझ्याच नावावर उरकून घेऊ."