काळी बाजू वर

मित्रांनो, मी एक जुनं चांदीचं नाणं आहे, पण मला गोल समजाल तर फसाल! चारशे वर्षांपूर्वी स्पेनच्या राजासाठी दक्षिण अमेरिकेतल्या टांकसाळीत मला घाईघाईनं कापलं, हातोड्यानं ठोकलं आणि जहाजात भरलं. माझ्यावर राजाचं चिन्ह उमटलं. ज्यांनी डोंगर पोखरून माझी चांदी काढली, त्यांचं नाव कुठेच नाही, याची मला आजही खंत वाटते.

ते जहाज वादळात बुडालं. खाऱ्या पाण्यात वाळूखाली पडून मी काळाठिक्कर झालो. पुढे पाणबुड्यांनी मला वर काढलं आणि फिरत फिरत मी जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या नाणेबाजारात पोचलो. शेजारची चकचकीत नाणी सोडून हेल्गाबाईंनी मलाच उचललं. "याच्यावर अजून समुद्र आहे," असं त्या नवऱ्याला म्हणाल्या. माझ्या खरखरीत काळ्या थरावरून अंगठा फिरवायची त्यांना सवयच लागली. त्या वारल्यावर त्यांचे पती युर्गेन तसाच अंगठा फिरवत बसायचे.

त्यांची मुलगी आन्या आणि मराठी जावई मिहीर हेर्त्सोगेनआउराख गावी राहतात. यंदा दिवाळीला पुण्याहून मिहीरची आई, ऊर्मिलाताई, आल्या होत्या. लक्ष्मीपूजनाला चांदीचं नाणं लागतं हे ऐकून युर्गेन मला घेऊन आले. "म्हणजे हेल्गाही पूजेला येईल," असं ते लेकीला म्हणाले.

सकाळी ते फिरायला गेले आणि ऊर्मिलाताईंनी मला पाहून नाक मुरडलं. देवापुढे काळं नाणं कसं ठेवायचं? त्यांनी टूथपेस्ट आणि जुना ब्रश घेऊन मला मनापासून घासलं. चारशे वर्षांत माझे दात पहिल्यांदाच घासले गेले! एक बाजू लखलखली आणि तेवढ्यात मिहीर स्वयंपाकघरात आला.

"आई, थांब! अगं, तो मळ नाहीये. आन्याच्या आईंना तोच आवडायचा. आल्झो... म्हणजे, आता तिच्या बाबांना काय सांगायचं?"

ऊर्मिलाताईंचा चेहरा पडला. "मी घासलं, असंच सांग. आणि पूजेला नाही दिलं तरी चालेल म्हणावं."

युर्गेन परतले. मिहीरनं सगळं सांगितलं. ते मला खिडकीपाशी घेऊन गेले. लखलखीत बाजूवरून त्यांचा अंगठा घसरला. आता हे मला खिशात टाकून निघून जाणार, या भीतीनं मी गारठलो. मग त्यांनी मला उलटलं. तिथला काळा थर शाबूत होता. अंगठा तिथे थांबला. "या," म्हणजे जर्मनमध्ये 'हो', एवढंच ते पुटपुटले आणि ऊर्मिलाताईंकडे पाहून त्यांनी मान हलवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण ब्रश उचलण्याआधी त्यांच्या माणसांना एकदा विचारा. तुम्हाला जो मळ वाटतो, त्यात कुणाचा तरी जीव अडकलेला असतो.

संध्याकाळी युर्गेननी स्वतःच्या हातानं मला तांदळाच्या राशीवर ठेवलं, काळी बाजू वर करून. ऊर्मिलाताईंनी हळदीकुंकू माझ्यावर न वाहता शेजारच्या तांदळावर वाहिलं. मग हात जोडून त्या हळूच म्हणाल्या, "या, हेल्गाताई."