दिवाणाच्या गळ्यातले लोढणे

मित्रांनो, मुक्काम न हलवणाऱ्या पाहुण्याला तुमच्या घरात ज्याचे नाव देतात, तेच मी. लोढणे. जुने, ऐनाच्या लाकडाचे, आणि खरे सांगायचे तर बऱ्यापैकी सुखी.

मांडवीच्या किनाऱ्यावर एका मचव्याची दुरुस्ती झाली, तेव्हा मी उरले. माझी भावंडे फळ्या होऊन जयगडापर्यंत जाऊन आली. मला वाटे, आपणही खोल समुद्र बघणार. त्याऐवजी मी बैल बघितला.

आत्माराम मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते. लंगडा बैल, भाजलेले कुत्रे, टाकून दिलेली म्हैस, जे दिसेल ते घरी आणत. काजूच्या बागेत, चिऱ्यांच्या दगडी गडग्याआत, त्यांचा आसरा होता; १९३१ साली तिथे अशी अकरा जनावरे होती. त्यांची देखभाल गफूरचाचा करीत. ते जुने तांडेल. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा त्यांनी दर्या सोडला.

अकरावा दिवाण. उलटलेल्या गाडीखाली सापडलेला बैल. त्याचा पाय बरा झाला, स्वभाव झाला नाही. मोठा आवाज झाला की समोर दिसेल त्याच्यावर धावून जाई. एकदा त्याने पोस्टमनला गडग्यावर बसवले. मग सरकारी कागद आला : यापुढे कोणाला इजा झाली तर आसरा बंद, जनावरे कोंडवाड्यात आणि तिथून लिलावात. मास्तरांनी कागद तीनदा वाचला, शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि गफूरचाचांना हाक मारली.

गफूरचाचांनी किनाऱ्यावरून मला उचलून आणले, भोक पाडले, काथ्याचा दोर ओवला.

"गफूर, जाच होईल रे त्याला."

"मास्तर, माया करा, पण गाठ मारून करा."

मी दिवाणाच्या पुढच्या दोन पायांमध्ये लोंबू लागले. तो सावकाश चालला तर मी नुसते टेकत असे. धावला की गुडघ्यांवर आपटत असे. आठवड्यात त्याला कळले. दोन वर्षे कोणाला ओरखडा उठला नाही. पण न घडलेल्या अपघाताबद्दल कोणी मानाचा नारळ देत नाही.

मग दिवाळीचा पाडवा आला. त्या दिवशी जनावरांना माळा घालून ओवाळतात. गफूरचाचा लेकीकडे राजापूरला गेले होते. शेजारच्या हौसाकाकू रोज कुत्र्यांना पेज आणत. त्या ताट घेऊन आल्या आणि मला बघून थबकल्या.

"काय वो मास्तर, सणासुदीला गळ्यात ओंडका? तुमच्या गळ्यात बांधू काय मी?"

"अहो, गफूरने सांगून ठेवलंय..."

"गफूर हाय काय हितं? सोडा मेला तो. घटकाभराचा तर प्रश्न!"

मास्तरांनी गाठ सोडली. माझ्या जागी झेंडूची माळ आली. ती मला फार आवडली, हे कबूल केले पाहिजे.

इतक्यात गडग्यापलीकडे कोणीतरी लवंगीची माळ पेटवली. दिवाण उसळला. समोर हौसाकाकू. ताट एकीकडे, काकू दुसरीकडे, आणि हात कोपराखाली मोडलेला. मी खांबाशी पडून बघत राहिले. ओंडक्याला पाय नसतात.

तिसऱ्या दिवशी, तो सरकारी कागद पाठवणारे साहेब चौकशीला आले. "दोर तुटला म्हणा," असे शेजाऱ्यांनी मास्तरांना पढवले होते. मास्तरांनी मला उचलून साहेबांसमोरच्या टेबलावर ठेवले.

"दोर शाबूत आहे. गाठ मी सोडली. चूक माझी."

हातावर बांबूच्या कामट्या बांधलेल्या हौसाकाकू मागून पुढे आल्या. "त्यांची कसली? हट्ट माझा. नि साहेब, आसरा बंद केलात तर उद्यापास्नं पेज तुमच्या हापिसात आणून ओतीन."

साहेबांनी टोपी काढून डोके पुसले. राजापुराहून परतलेल्या गफूरचाचांना विचारले, "पुन्हा असे होणार नाही, कशावरून?" चाचांनी गडगा कुठे उंच करायचा ते दाखवले, बघणाऱ्यांनी कुठे उभे राहायचे ती रेघ मारली, आणि मला थोपटले. साहेबांनी तेवढेच लिहून घेतले. आसरा राहिला. हुकुमात एक वाक्य होते : "लोढणे वर्षाचे सर्व दिवस, सणवार धरून." त्या अख्ख्या हुकुमात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, असे मास्तर आजही सांगतात.

गेल्या वर्षी दिवाण म्हातारपणाने, पोटभर पेंढा खाऊन गेला. मला आता बेड्याशी, म्हणजे बागेच्या फाटकाशी, टांगले आहे. खोल समुद्र अजून बघितला नाही, पण वारा येतो. मचव्याची फळी झाले असते तर एव्हाना कुजले असते. इथे अकरा जिवांचे छप्पर राहिले, त्यात माझाही हात आहे. म्हणजे, हात नाही, पण वजन आहे.

मित्रांनो, मुका जीव घरी आणाल तर जरूर आणा. त्याच्याबरोबर एक दोरही आणा. आणि सणाच्या दिवशी कोणी प्रेमाने म्हणाले, घटकाभर सोडा, तर त्या माणसाला आधी रेघेपलीकडे उभे करा.

हौसाकाकूंचा हात पुरता सरळ झाला नाही. दर पाडव्याला त्या ताट जरा तिरके धरूनच येतात. जनावरे वाट बघत असतात. त्या आधी बेड्याशी थांबतात, मला कुंकू लावतात आणि म्हणतात, "तू पहिलं."