दुसरा तुकडा

एडिंबराच्या एका प्रयोगशाळेत इलस्पेथ रेनीनं मदतनीस म्हणून एकोणीस वर्षं काढली होती. पदवी नव्हती, पण हात असा की थेंबसुद्धा तिला विचारून पडायचा. गेलं वर्षभर ती मेलेल्या म्हाताऱ्यांच्या मेंदूंचे तुकडे तपासत होती. कुणाची स्मृती गेलेली, कुणाची शेवटपर्यंत शाबूत. कोणता तुकडा कुणाचा, हे मात्र तिला कळू द्यायचं नाही, म्हणजे मोजताना मन झुकत नाही, असा रिवाज. डब्यांवर नुसते आकडे, आणि यादी प्रोफेसर गिलक्रिस्टांच्या कपाटात कुलूपबंद.

आज प्रोफेसरांनी कुलूप उघडलं. आठवणीला लागणारं रसायन बनवणारं एन्झाइम स्मृती गेलेल्यांच्या तुकड्यांत निम्म्याहून कमी भरलं होतं. एकूण एक तुकड्यात.

डॉक्टर फर्क्वार नवा होता, हुशार होता, आणि हुशारीची त्याला पुरेपूर जाणीव होती.

"एवढ्यात हुरळू नका," तो म्हणाला. "ही स्मृती गेलेली माणसं वेड्यांच्या इस्पितळात मरतात. शनिवारी गेली की सोमवारपर्यंत शवागारात पडून. एन्झाइम नासणारच. टाकून द्या सगळं."

इलस्पेथचं अख्खं वर्ष पाण्यात जाणार होतं. तिची आई तशाच एका इस्पितळात होती आणि पोटच्या लेकीला 'सिस्टर' म्हणायची.

तिनं खणातून वही काढली.

"प्रत्येक तुकड्याच्या शेजारचा दुसरा तुकडाही मी तपासलाय, डॉक्टर. दुसऱ्या एन्झाइमसाठी. तेही तितकंच नाजूक, पण ते सगळ्यांत सारखंच भरलंय. दूध नासलं तर अर्धंच पातेलं नासत नाही."

फर्क्वारनं वही तीनदा चाळली. त्याचे कान लाल झाले.

"हे करायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. तुमच्यासारखं कुणीतरी येणार, हे ठाऊक होतं."

प्रोफेसरांनी हसू मिशीत दाबलं. मदतनिसांची नावं शोधनिबंधाच्या तळाशी, आभारांत, बारीक अक्षरांत जायची. फर्क्वारनं स्वतःच पेन उघडलं.

"मिसेस रेनींचं नाव वर घेऊ या, सर. आपल्या बरोबरीनं."

"मिसेस रेनी नको," ती म्हणाली. अभिमान लपवायची तिला गरज वाटली नाही. "इलस्पेथ लिहा. आईनं ठेवलेलं नाव आहे. आता तिला आठवत नाही, तर निदान छापलेलं तरी राहू दे."